वर्ग तोच, पोरं वेगळी

२००९ मध्ये १४.६ टक्के, २०१९ मध्ये ८.५ टक्के. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात सापडलेलं, १३ ते १५ वयाच्या भारतीय शाळकरी मुलांमधलं तंबाखूचं प्रमाण. हे आकडे दाखवून कोणी 'दहा वर्षांत मुलांनी तंबाखू सोडली' म्हटलं की मला राहवत नाही. कोणत्या मुलांनी सोडली? २००९ चा तेरा वर्षांचा मुलगा २०१९ ला तेवीसचा झाला होता. त्याला कोणी विचारलंच नाही.

दर फेरीला त्याच वयाची नवी मुलं घेतली की ती आवर्ती पाहणी. वरचं सर्वेक्षण याच प्रकारचं; ही सगळ्यांना ओळखीची. पॅनेल पाहणीत माणसं तीच राहतात, वय वाढत जातं.

नागपूरच्या सक्करदऱ्यातला नववीचा एक पोरगा डोळ्यांपुढे आणा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मिळालेला खर्रा तो मित्राबरोबर अर्धा-अर्धा करतो. पुढच्या फेरीला त्याच बाकावर दुसरा पोरगा बसलेला असतो, खर्रा न खाणारा. आकडा उतरला. पहिल्याचा खर्रा सुटला का? सुटला असेल, नाहीतर दिवसाला पाच पुड्यांवर गेला असेल. आवर्ती पाहणीला ते कळूच शकत नाही. नव्यांनी सुरुवात कमी केली, एवढं ती सांगते, आणि तेही थोडं नाही. पण सुरुवात रोखायला शाळेपासून शंभर यार्डांच्या आतले ठेले हटवावे लागतात. कायदाच आहे तसा. लागलेली सवय सोडवायला समुपदेशक लागतो. दोन्हींची गल्लत झाली की तो पहिला पोरगा वाऱ्यावर सुटतो.

उलटी चूकही होते. पॅनेलमधली मुलं चौदाची अठराची होतात, व्यसन वाढलेलं दिसतं, की 'ही पिढी बिघडली'. अहो, वयाबरोबर ते वाढतंच. पिढीबद्दल बोलायचं तर आधीच्या अठरा वर्षांच्यांशी ताडून पाहा.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या नव्या मुलांना नशेबद्दल विचारतं, शिवाय लग्न, पैसा, काम यांबद्दलची मतंही; आणि प्रत्येक बॅचमधल्या काहींचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करतं. मला हीच रीत पटते. पाठपुराव्यात माणसं गळतात, खर्चही फार, हे खरं.

नागपुरात कोणी अशी पाहणी काढलीच, तर प्रश्नात नुसतं 'तंबाखू' लिहू नका, 'खर्रा' लिहा; पोरं खर्ऱ्याला तंबाखू धरतीलच असं नाही. आणि दर फेरीला तोच शब्द ठेवा.