स्टेरॉइड कोणत्या दिवशी?

कोविडचा रुग्ण समोर आला की पहिला प्रश्न एकच: लक्षणं सुरू होऊन कितवा दिवस? औषध त्यावरच ठरतं.

पहिले पाच-सात दिवस विषाणूच्या वाढीचे. ताप, घसादुखी, कोरडा खोकला, अंग मोडून येणं. बहुतेक जण यातून सरळ बरे होतात. काहींचा आजार मात्र आठवडा उलटताना फिरतो. आपलीच प्रतिकारयंत्रणा बेफाम होते आणि फुप्फुसांतल्या वायुकोशांना सूज येते. फसवणूक इथेच होते. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर, आणि तो वायू सुजलेल्या फुप्फुसातूनही बराच काळ सहज बाहेर पडत राहतो. म्हणून रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर आलेला माणूसही कधी कधी निवांत गप्पा मारत बसलेला असतो.

अशा वेळी बोटाला लावून हा ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर हवाच, पण नीट लावलेला. पाच मिनिटं शांत बसा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसलेलं बोट निवडा, गार असेल तर चोळून ऊब आणा, आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. विश्रांतीत आकडा ९४ च्या वर असेल तर घरातच सपाट फरशीवर सहा मिनिटं चाला; साठीपुढच्यांना तीन पुरेत. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा. दमा असलेल्यांनी ही चाचणी करू नये.

कोविडची स्वॅब चाचणी निगेटिव्ह आली म्हणूनही निश्चिंत होऊ नये. स्वॅबची काडी नाकात वर न ढकलता टाळूला समांतर, सरळ मागे न्यावी लागते, अडेपर्यंत, आणि काही सेकंद तिथेच फिरवावी लागते. काडी नाकपुडीतच फिरली तर विषाणू हाती लागत नाही. उशिरा आलेल्या रुग्णात तो नाकातून ओसरून फुप्फुसात उरलेला असू शकतो. तेव्हा खालच्या श्वसनमार्गातला नमुना घ्यावा.

आता स्टेरॉइड, म्हणजे बेफाम प्रतिकारयंत्रणेला दाबणारं औषध. २०२० च्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काडीचाही फायदा दिसला नाही. कारण सरळ आहे: विषाणू वाढत असताना प्रतिकारशक्ती दाबली, तर त्याला रान मोकळं मिळतं. विषाणूविरोधी गोळ्यांचं गणित याच्या उलट. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर पहिल्या पाच दिवसांतच सुरू करावं लागतं.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड घेणारे खूप होते, हे आजही सलतं. स्टेरॉइडनं साखर वाढते, आणि मधुमेह्यांत म्युकरमायकोसिसची बुरशी नेमकी तिथे फोफावते. एका बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळपट स्राव, वरच्या जबड्याचे दात अचानक हलू लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. बुरशी डोळ्यापर्यंत पोचली, तर कधी कधी डोळाच काढावा लागतो.