शोधनिबंध-लेखकसाहाय्य

शोधनिबंध-लेखकसाहाय्य : आपल्या व्यवसायात मुरलेल्या, पण संशोधन-नियतकालिकासाठी प्रथमच लिहिणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, अभियंते, ग्रंथपाल इत्यादींना निबंध छापून येईपर्यंत केली जाणारी मदत.

या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडनमध्ये फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स हे नियतकालिक सुरू केले. देशोदेशीच्या अभ्यासकांकडून पत्रे मागवणे, त्यांचा इंग्रजी अनुवाद करणे, सारांश काढणे ही कामे ते स्वतःच करीत. म्हणून काही जण त्यांना आद्य साहाय्यक मानतात. मात्र येथे निवडणारा आणि सुधारणारा एकच होता. १७५२ मध्ये सोसायटीने नियतकालिक आपल्याकडे घेऊन समिती नेमली, पण तिचेही काम निवडीचे. लेखकाला घडवण्याचे नव्हे. नियतकालिकाशी बांधील नसलेला, लेखकाच्या बाजूने बसणारा संपादक ही कसोटी लावली, तर अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णसंस्थेच्या मॉड मेलिश यांच्यापाशी यावे लागते. १९०७ च्या सुमारास ग्रंथालयाची घडी बसवण्यासाठी त्या तेथे आल्या आणि डॉक्टरांचे निबंध छपाईयोग्य करून देऊ लागल्या. १९२२ मध्ये वैद्यकीय निबंधलेखनावर त्यांचे पुस्तक निघाले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती व चर्चा हा चौभागी साचा वैद्यकीय नियतकालिकांत साधारणतः १९४० नंतर रुळू लागला आणि १९८० च्या दशकात जवळपास सार्वत्रिक झाला. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवण्यास सुरुवात केली. विकसनशील देशांतील संशोधकांची अनुभवी मार्गदर्शकांशी गाठ घालून देणारा ऑथरएड हा उपक्रम २००७ मधला.

नवख्याची अडचण बहुधा भाषेपेक्षा प्रश्नाची असते: नोंदी वर्षानुवर्षे जमवलेल्या, पण त्यांतून नेमके काय विचारायचे ते ठरलेले नसते. पुढे नियतकालिकाने निबंध तपासायला दिलेल्या तज्ज्ञ परीक्षकांचे अभिप्राय आले की ‘मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवा’ हा शेरा अनेकांना नकारच वाटतो आणि निबंध कपाटात जातो. वास्तविक तो बऱ्यापैकी आशादायक शेरा होय. अशा वेळी मार्गदर्शक उत्तराचे पत्र लिहायला बसवतो: परीक्षकाचा प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपले उत्तर, बदल कोणत्या पानावर व ओळीत केला तो उल्लेख, आणि आक्षेप मान्य नसेल तर पुराव्यासह कारण. नियतकालिकाची निवड, शुल्काची चौकशी, फसव्या प्रकाशकांपासून सावधगिरी हीही कामे यात येतात.

मदत कोठे थांबावी, याचे संकेत वैद्यकात सर्वांत स्पष्ट आहेत. केवळ भाषा सुधारणाऱ्याचे नाव लेखकांत न घालता ऋणनिर्देशात द्यावे, असे व्हँकूव्हर गटातून उदयास आलेली वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरल्यास तसे नमूद करावे, परंतु त्यांना लेखक मानू नये, ही भर २०२३ मध्ये पडली.