स्वीडिश पूर्वज शोधायचेत? आडनाव राहू द्या, आधी पॅरिश सांगा

“जावयांचे खापरपणजोबा आंदेर्सोन, स्मोलंडचे. चर्चमधून वंशावळ काढून द्याल का?” असं विचारणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला असतंच. आमचा उलटा प्रश्नही ठरलेला: कुठल्या पॅरिशचे, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले? इथेच दोन-दोन आठवडे जातात, म्हणून हे पत्रक.

शेतकरी घरांत पूर्वी कायमचं आडनाव नसायचंच. आंदेर्सचा मुलगा योहान म्हणजे योहान आंदेर्सोन, त्याची बहीण आंदेर्सदोत्तेर. पण योहानची मुलं योहानसोन. आपल्याकडे पिढीगणिक मधलं नाव बदलतं, तिथे शेवटचं बदलायचं. त्यात कुणी फौजेत गेला की ‘रास्क’ (चपळ) किंवा ‘स्टोल’ (पोलाद) असं नवंच नाव चिकटायचं. 1901 च्या नियमानंतर हे हळूहळू थांबलं. तेव्हा नुसत्या ‘आंदेर्सोन’वरून शोधणं म्हणजे पंढरपूरच्या वारीत ‘विठ्ठल’ अशी हाक मारणं.

त्र्यंबकेश्वरचे उपाध्येसुद्धा वही उघडण्याआधी मूळ गाव विचारतात. स्मोलंड हा अख्खा प्रांत झाला; आम्हाला पॅरिश हवी. तीही जिल्ह्यासकट, कारण ल्युंगबी नावाची पॅरिश स्मोलंडात आहे तशी हालांडमध्येही आहे.

पॅरिश कळली की मात्र गाडी धावते. 1686 च्या चर्च कायद्याने जन्म, लग्न, मृत्यू आणि गावात आलेले-गेलेले लिहिणं पाद्र्यांवर बंधनकारक झालं. शिवाय पाद्री घरोघरच्या माणसांची धर्मपाठाची परीक्षा घेत. त्या वह्यांत घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, जन्माची पॅरिश, वाचता येतं की नाही आणि कोण कुठे राहायला गेलं हे एका पानावर सापडतं. मोलकरीण म्हणून शेजारच्या पॅरिशला गेलेली पोरसुद्धा निसटत नाही. ही नोंदणी 1991 च्या मध्यापर्यंत चर्चकडेच होती, मग कर खात्याकडे गेली.

जुन्या वह्या आता चर्चमध्ये नसतात, त्यामुळे दार ठोठावून उपयोग नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात. मग आम्ही पैसे कशाचे घेतो? ते जुनं वळणदार अक्षर आणि पाद्र्यांची आखूड रूपं लावायचे. तुम्हाला लागत असेल तर जरूर स्वतः बघा, अडलात तर या. पॅरिश माहीत असेल तर ठरावीक रक्कम, नसेल तर तासावर. तासाचा आकडा आम्हालाही आवडत नाही.

चर्च बघायला मात्र जरूर जा, ती व्यवस्था आम्ही करतो. सिल्यान तळ्याकाठच्या रेत्विकला तर उपासनेला येणाऱ्यांनी घोडे बांधायचे जुने लाकडी तबेलेही उभे आहेत. थडगं सापडेलच असं समजू नका; कबरीचा हक्क पुढे चालवला नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात.

पॅरिश ठाऊक नसेल, तर घरातलं जुनं बायबल, पत्रांवरचे शिक्के आणि फोटोंच्या मागची बाजू बघा. त्यांचे फोटो पाठवा. एवढं आम्ही विनामूल्य वाचून देतो.