उंदीर दमला, हे ठरवायचं कसं?

‘आमच्या अर्कामुळे उंदीर दुप्पट वेळ धावले!’ ताकदीच्या पावडरींच्या जाहिरातींत असं एखादं वाक्य हमखास असतं. उंदीर खरंच दुप्पट वेळ धावले असतीलही. पण त्यावरून त्यांची ताकद दुप्पट झाली असं म्हणता येत नाही, आणि त्यामागचं गणित फार सुंदर आहे.

प्रत्येक प्राण्याचा एक उंबरठा-वेग असतो. त्याच्या खाली तो बराच काळ टिकून धावतो. त्याच्या वर गेला की शरीरातली मर्यादित शिल्लक खर्च होऊ लागते. ही शिल्लक मीटरमध्ये मोजता येते. समजा, एका उंदराचा उंबरठा मिनिटाला २० मीटर आहे आणि शिल्लक ६० मीटर. ट्रेडमिलचा (धावण्याच्या फिरत्या पट्ट्याचा) वेग मिनिटाला २३ मीटर ठेवला तर दर मिनिटाला ३ मीटर शिल्लक संपते, म्हणून उंदीर २० मिनिटांत दमतो. आता उंबरठा फक्त साडेसात टक्क्यांनी वाढून २१.५ झाला असं धरा. दर मिनिटाचा खर्च दीड मीटरवर येतो आणि उंदीर ४० मिनिटं धावतो. क्षमता साडेसात टक्क्यांनी वाढली, वेळ मात्र दुप्पट झाला!

हेच भिंग चुकाही मोठ्या करून दाखवतं. उंदराची झोप नीट झाली नाही आणि उंबरठा १९ वर आला, तर तोच उंदीर १५ मिनिटांत थांबतो. म्हणूनच ठरावीक वेगाने दमेपर्यंत पळवण्याच्या चाचणीत आजचा आणि परवाचा आकडा सहसा जुळत नाही.

वेग टप्प्याटप्प्याने वाढवला की हा फुगवटा बसतो. १० पासून सुरुवात करून दर मिनिटाला १ मीटरने वेग वाढवत नेला, तर वरचा उंदीर सुमारे २१ मिनिटांनी थांबेल, उंबरठा २१.५ झाल्यावर सुमारे साडेबावीस मिनिटांनी. वाढ ७ टक्के, म्हणजे क्षमतेतल्या फरकाच्या जवळपास तेवढीच.

पोहण्याच्या चाचणीत याहून वेगळे घोळ होतात. शेपटीला वजनाच्या ५ ते १० टक्के भार बांधतात आणि १० सेकंद नाक पाण्यावर आलं नाही की उंदीर दमला असं धरतात. पण केसांत अडकलेली हवा त्याला फुकट तरंगवते, थंड पाण्यात तो गारठूनच मंदावतो, आणि हुशार उंदीर तळाला पाय टेकून उसळी घ्यायला शिकतो.

ट्रेडमिलच्या मागे विजेची जाळी असते. काही उंदीर धावायचे सोडून सौम्य झटका सहन करत तिच्यावरच बसून राहतात. तिथे आपण दमणूक मोजत नाही, नाखुशी मोजतो. जाळीवर लेंड्या आणि मूत्र साचलं की झटका कमी-जास्त होतो, म्हणून प्रत्येक उंदरानंतर ती पुसायची. पट्ट्याचा वेगही पडद्यावर वाचून मानायचा नाही. पट्ट्यावर खूण करा, मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा, आणि पट्ट्याच्या लांबीने गुणा.

आधी ३ ते ५ दिवस, रोज १० मिनिटं, मंद वेगाने सराव द्यावा लागतो. उंदीर निशाचर असल्यामुळे वेळ रोज तीच ठेवायची. हाताळणारा माणूसही शक्यतो तोच; पुरुष संशोधकाच्या वासानेच उंदरांवर ताण येतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. दमल्याचा निर्णय देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत असता कामा नये.

मग चाचणी भरवशाची आहे का, हे पाहायला तेच प्राणी, काहीही औषध न देता, दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा धाववायचे. इथे बरेच जण दोन दिवसांच्या आकड्यांचा सहसंबंध, म्हणजे ते किती सोबतीने वर-खाली होतात याचं माप, देऊन मोकळे होतात. ते पुरेसं नाही. सगळे उंदीर सरावामुळे दुसऱ्या दिवशी २० टक्के जास्त धावले, तरी सहसंबंध पूर्ण १ येईल! त्याऐवजी प्रत्येक प्राण्याच्या दोन आकड्यांतला फरक काढा. फरकांची सरासरी शून्यापासून दूर असेल तर सराव अपुरा पडला. फरकांच्या प्रमाण विचलनाला (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाला) १.४१ ने, म्हणजे २ च्या वर्गमुळाने, भागलं की चाचणीची नेहमीची चूक, म्हणजे एका मोजणीत सहज होणारी वर-खाली, मिळते. औषधाचा परिणाम तिच्याहून लहान असेल, तर एकाच प्राण्याच्या आकड्यावरून काहीही म्हणता येत नाही, गटच मोठा लागतो. तोच प्राणी आधी आणि नंतर तपासणाऱ्या प्रयोगात लागणाऱ्या प्राण्यांची संख्या या नेहमीच्या चुकीला तिनेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या (वर्गाच्या) प्रमाणात वाढते. चूक निम्मी केली तर ४० ऐवजी सुमारे १० उंदरांत भागतं.