बालसंरक्षणातील पर्यवेक्षण : ठाणे जिल्ह्याच्या निमित्ताने एक पार्श्वभूमी

ठाणे स्थानकाच्या फलाटावर एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती त्याच्या घरची चौकशी करण्याचा आदेश देते आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार ही सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते, जेणेकरून समितीला चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता यावा. मुलाने घरी परतायचे की बालगृहात राहायचे, हे बव्हंशी त्या अहवालावर ठरते. मात्र अहवाल समितीपुढे जाण्याआधी एखाद्या अनुभवी कार्यकर्त्याने तो वाचावा आणि लिहिणाऱ्याशी त्याविषयी बसून बोलावे, म्हणजेच त्याच्या कामाचे पर्यवेक्षण करावे, अशी तरतूद अधिनियमात नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. कारण आपल्याकडे बालकल्याणात ‘देखरेख’ हा शब्द सुरुवातीपासून माणसांपेक्षा इमारतींनाच अधिक लागू झाला.

मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ चा. त्यापाठोपाठ १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि पुढे १९४८ च्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. या व्यवस्थेत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरी जाऊन आपला अहवाल न्यायालयाला देत असे, तर न्यायालय मुलांना जिथे ठेवी त्या प्रमाणित शाळांवर मुख्य निरीक्षकाची नजर असे. निरीक्षक आला की हजेरीपट, रोकडवही, धान्याचा साठा आणि अंथरूण-पांघरूण पाहून शेरा लिहून जाई. मुलांच्या दृष्टीने ही तपासणी आवश्यकच होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु परिविक्षा अधिकाऱ्याने घरभेटीत काय पाहिले, काय पाहायचे राहून गेले, आणि तिसऱ्यांदा पळून आलेल्या मुलाशी बोलताना अधिकाऱ्याचाच धीर सुटला का, हे विचारणारे त्या रचनेत कोणी नव्हते.

ते विचारण्याची रीत दुसऱ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील धर्मादाय संस्था गरीब कुटुंबांकडे स्वयंसेवक पाठवीत आणि त्या स्वयंसेवकांना पगारी कार्यकर्ते मार्गदर्शन करीत; समाजकार्यातील पर्यवेक्षणाचा उगम तिथे मानला जातो. मुंबईत ही परंपरा क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यामुळे रुजली. नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवणाऱ्या मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली, १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले, आणि १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५५ मध्ये निर्मला निकेतनचे महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांत वर्गाइतकेच वजन क्षेत्रकार्याला, म्हणजे ज्याला सगळेच ‘फिल्डवर्क’ म्हणतात त्याला, मिळाले. विद्यार्थ्याने आठवड्यातील ठरावीक दिवस संस्थेत किंवा वस्तीत काम करायचे, घडले ते सविस्तर लिहून काढायचे आणि पर्यवेक्षकासमोर एकट्याने बसून त्यावर बोलायचे, ही पद्धत पडली. या बैठकीला आजही ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. अल्फ्रेड कादुशिन या अमेरिकन अभ्यासकाने पुढे पर्यवेक्षणाची प्रशासन, शिक्षण आणि आधार अशी तीन अंगे मांडली, तेव्हा आपल्याकडच्या शिक्षकांना त्यांतली शेवटची दोन अनुभवाने ठाऊक होती.

या बैठकीत काय होत असे, ते प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत कळव्याच्या डोंगरउतारावरील एका वस्तीत काम करताना अनुभवले आहे. घरभेटीच्या नोंदीत ‘घर बंद, कोणी भेटले नाही’ एवढेच लिहिले होते. पर्यवेक्षक बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले, ‘कुलूप बाहेरून होते की आतून कडी?’ उत्तर देता आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढण चढावी लागली. कडी आतून होती. आई रात्रपाळी करून आलेली असल्याने दुपारी झोपलेली असे आणि मुलगा तेवढा वेळ रेल्वेफाटकापाशी काढीत असे. ‘पालक दुर्लक्ष करतात’ हे वाक्य त्यानंतर अहवालात राहिले नाही. अशा प्रश्नासाठी छापील नमुन्यात रकाना नसतो.

पदवी घेऊन विद्यार्थी नोकरीत शिरला की ही बैठक मागे राहिली. याला काही स्वयंसेवी संस्था अपवाद होत्या. सरकारी रचना मात्र निरीक्षकाच्याच वळणाने वाढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी सेविकांवर मुख्यसेविका आली खरी, पण तिचा वेळ बहुतांशी वजनाच्या नोंदी, पोषण आहार आणि मासिक अहवालातच गेला.

१९८६ चा आणि त्यानंतर २००० चा बाल न्याय कायदा आला. ‘रिमांड होम’चे निरीक्षणगृह झाले, विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली) मुले आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले असे दोन प्रवाह स्पष्ट झाले. मनुष्यबळाचा आराखडा मात्र २००९-१० मधील एकात्मिक बाल संरक्षण योजनेने दिला. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक व असंस्थात्मक काळजीसाठी प्रत्येकी एक संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कर्मचारी अशी पदे आखली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावरही मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपासून दिघा-तुर्भेच्या झोपडपट्ट्यांपर्यंत पसरलेल्या ठाणे जिल्ह्यासाठी सामाजिक कार्यकर्त्यांची आखलेली पदे दोनच. कार्यकर्त्याचे पर्यवेक्षण संरक्षण अधिकाऱ्याकडे गृहीत धरले गेले, पण त्याच अधिकाऱ्याला बैठका, निधीची कागदपत्रे आणि संस्थांच्या भेटीही सांभाळायच्या असतात. शिवाय ही पदे बहुतांशी कंत्राटी. स्वतःच्या मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याने दुसऱ्याला आधार द्यावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

याच काळात, २०११ मध्ये, नवी मुंबईलगतच्या कळंबोलीतील एका निवासी संस्थेतील गतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. अशा प्रकरणांनंतर तपासणी कडक होते, आणि ती व्हायलाच हवी. २०१५ च्या अधिनियमातील कलम ५४ नुसार तपासणी समितीने किमान तीन सदस्यांसह, ज्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असेल, दर तीन महिन्यांतून एकदा तरी संस्थेला भेट द्यायची असते. इमारतीसाठी कायद्याने कालावधी ठरवला. कार्यकर्त्याच्या ‘आयसी’ला असा कालावधी कोणी ठरवून दिलेला नाही.

दरम्यान मुले संस्थेबाहेर, कुटुंबातच राहावीत याकडे धोरणाचा कल वाढला. राज्याच्या बालसंगोपन योजनेतील दरमहा अनुदान ४२५ रुपयांवरून ११०० आणि पुढे २२५० रुपये झाले, तर कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांमुळे अर्जही वाढले. प्रत्येक अर्जामागे घरभेट आली. कार्यकर्ता एकटा जातो, एकटा पाहतो आणि एकटाच मत बनवतो असे काम बालगृहाच्या भिंतीआड घडत नाही, त्यामुळे तपासणी समितीच्या नजरेलाही ते पडत नाही. पर्यवेक्षणाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथे जुनी देखरेख पोहोचतच नाही.

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या आराखड्यात एक बदल दिसतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा २०२३ मध्ये शासनाने आपल्याकडे घेतली आणि जिल्हा पातळीवरील बाल हेल्पलाइन कक्षासाठी प्रकल्प समन्वयक व समुपदेशकाबरोबर तीन पर्यवेक्षक आणि तीन केस वर्कर अशी पदे आखली. तिघांमागे तिघे, हे प्रमाण कागदावर फार उदार वाटते. सेवा चोवीस तासांची असल्याने ही पदे पाळ्यांमध्ये विभागली जातात, आणि पाळीवरच्या पर्यवेक्षकाचे पहिले काम आलेला फोन घेऊन मुलापर्यंत कोणीतरी पोहोचेल याची व्यवस्था लावणे हेच असते.