धक्क्याखाली काय दडलंय? सान हुआनचं क्रूझ बंदर आणि तीस वर्षांचा करार

क्रूझ बंदराच्या नूतनीकरणाची चित्रं बघितली की त्यात काचेचं टर्मिनल दिसतं, दुकानं दिसतात, माडांची रांग दिसते. पैसा मात्र मुख्यतः चित्रात न दिसणाऱ्या भागात जिरतो: पाण्यातले खांब, त्यांवरचा स्लॅब, जहाज बांधायचे बोलार्ड आणि समुद्राचा तळ. कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआन हे याचं ठळक उदाहरण आहे.

तिथलं सरकार 2017 साली कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने बेट झोडपलं. धक्क्यांची दुरुस्ती तर टाळता येण्यासारखी नव्हती. सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा कायदा बेटावर 2009 पासून होता आणि सान हुआनचा विमानतळ 2013 मध्ये त्याच मार्गाने चाळीस वर्षांसाठी खाजगी कंपनीकडे गेला होता. बंदराचा करार ऑगस्ट 2022 मध्ये ‘ग्लोबल पोर्ट्स होल्डिंग’ या क्रूझ बंदरं चालवणाऱ्या कंपनीशी झाला. मुदत 30 वर्षं. प्रत्यक्ष ताबा फेब्रुवारी 2024 मध्ये गेला. सरकारी बंदर प्राधिकरणाला सुरुवातीलाच 7.5 कोटी डॉलर, पहिल्या टप्प्यात दुरुस्तीसाठी सुमारे 10 कोटी, आणि दुसऱ्या टप्प्यात 11 व 12 क्रमांकाच्या धक्क्यांवर नवा पिअर (पाण्यात शिरणारा धक्का) आणि टर्मिनल यांसाठी अंदाजे 25 कोटी, अशी आखणी जाहीर झाली. दुसरा टप्पा बिनशर्त नाही. प्रवासीसंख्या कोविडपूर्व पातळीवर येणं ही त्याच्या अटींपैकी एक.

म्हणजे आधी जुनं वाचवायचं, मग नवं बांधायचं. हा क्रम योग्य का, ते समजायला धक्क्याखाली जावं लागतं.

चांगल्या काँक्रीटचा सामू (pH) साडेबाराच्या पुढे असतो. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि गंज थांबतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड आयन वर्षानुवर्षं आत झिरपत सळईपर्यंत पोचले की हा थर फुटतो. गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असल्याने काँक्रीट आतून फाटतं आणि खपल्या गळू लागतात. सगळ्यात वाईट अवस्था असते ती लाटा उडतात त्या पट्ट्यात, कारण मीठ आणि प्राणवायू दोन्ही तिथे मुबलक. कायम पाण्याखाली असलेल्या भागात प्राणवायू कमी, म्हणून गंज मंद. धक्क्यामागची माती अडवणाऱ्या पोलादी पत्र्यांच्या भिंतीला वेगळा धोका असतो. सर्वांत खालच्या ओहोटीच्या रेषेजवळ जिवाणूंमुळे तिथला पत्रा वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झिजू शकतो आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही.

त्यामुळे कराराआधीची तपासणी हाच अशा प्रकल्पाचा पाया. पाणबुडे सगळ्या खांबांना हात लावून बघतात. साधारण दहातल्या एका खांबावरचे शिंपले-शेवाळ खरवडून पृष्ठभाग तपासतात. वीसातल्या एकाची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजतात. स्लॅबखाली सळईचा विद्युत विभव (व्होल्टेज) मोजतात: तांबे-कॉपर सल्फेटच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली आकडा गेला तर तिथली सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक. शिवाय ड्रिलने दर सेंटिमीटर खोलीची भुकटी काढून क्लोराइड किती आत गेलंय ते बघतात. हा अहवाल दोन्ही पक्षांनी मान्य करून कराराला जोडला नाही, तर पाच वर्षांनी एखादा खांब खचल्यावर ‘हे आधीचंच होतं’ आणि ‘हे तुमच्या काळात झालं’ हा वाद लवादाकडे जातो आणि तोवर तो धक्का बंद राहतो.

दुरुस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे फक्त फुटलेला तुकडा काढून तिथे नवं काँक्रीट भरणं. नवा भाग क्लोराइडमुक्त, शेजारचा जुना खारट. एकाच सळईवर दोन वेगळे विभव तयार होतात आणि ठिगळाच्या कडेने गंज पूर्वीपेक्षा जोरात सुरू होतो. म्हणून खारट काँक्रीट सळईच्या मागे 20-25 मिलिमीटरपर्यंत काढावं लागतं, तेही शक्यतो उच्च दाबाच्या पाण्याने, कारण ब्रेकरच्या ठोक्यांनी उरलेल्या काँक्रीटला बारीक चिरा जातात. जास्त झिजलेल्या सळयांना जोड देऊन कडेला जस्ताचे अ‍ॅनोड बांधतात. सळईऐवजी जस्त झिजतं. खांबांना ओहोटीच्या खालपासून लाटांच्या पट्ट्याच्या वरपर्यंत फायबरग्लासचं आवरण घालून त्यात खालून वर काँक्रीट पंप करतात, म्हणजे आतलं पाणी वर ढकललं जातं आणि पोकळ्या राहत नाहीत.

हे करायला वेळ कधी मिळतो? कॅरिबियनमधला क्रूझचा भर हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. धक्के रिकामे सापडतात ते मे ते ऑक्टोबरमध्ये, आणि चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. म्हणजे काम नेमकं वादळांच्या महिन्यांत. तरंगत्या क्रेन आणि बार्ज कुठे हलवायचे, अर्धवट उघडा स्लॅब कसा झाकायचा, हे वेळापत्रकातच लिहावं लागतं. ज्या निविदेत हे नाही, तिच्या खर्चावर विश्वास ठेवू नये.

आता जहाजांकडे वळू. जुने धक्के आजच्या जहाजांसाठी बांधलेलेच नव्हते. ओएसिस हा जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक वर्ग. त्यातलं जहाज 362 मीटर लांब, साधारण 9.3 मीटर खोल पाण्यात बसतं. खोली फारशी अडचण नाही, अडचण वाऱ्याची. पाण्यावर दिसणारी त्याची बाजू ढोबळमानाने 14,000 चौरस मीटर धरा. ताशी 54 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे 200 टन जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे 800 टन. तो दोरांमार्फत बोलार्डवर आणि तिथून खांबांवर जातो. धक्क्याला लागतानाचा हिशेबही असाच. एक लाख टन विस्थापनाचं (म्हणजे तेवढ्या वजनाचं) जहाज सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने आलं तर त्याची गतिज ऊर्जा 500 किलोज्यूल, 20 सेंटिमीटरने आलं तर 2,000. धक्क्याच्या कडेला बसवलेल्या गाद्या, म्हणजे फेंडर, ही ऊर्जा शोषतात. ते कमी पडले तर काँक्रीट फुटतं.

धक्का जहाजापेक्षा आखूड असेल तर पुढे पाण्यात खांबांच्या समूहावर स्वतंत्र चौथरे उभारतात. त्यांना डॉल्फिन म्हणतात. त्यांवर फक्त दोर बांधायचे असतात, आपटणारं जहाज झेलायचं नसतं. 12 फेब्रुवारी 2019 ला 329 मीटर लांबीचं ‘नॉर्वेजियन एपिक’ सान हुआनच्या तिसऱ्या धक्क्यावर येताना आदळलं आणि असे दोन डॉल्फिन कोसळले. सततचे पूर्वेचे वारे असलेल्या या भागात दोरांचे बिंदू किती नाजूक असतात ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

तळाचाही विचार हवा. ओएसिस वर्गात 20 मेगावॅटचे तीन फिरते प्रॉपेलर आणि पुढच्या बाजूला जहाज आडवं ढकलणारे साडेपाच मेगावॅटचे चार थ्रस्टर असतात. धक्क्याशेजारी ते सुरू झाले की खांबांच्या मुळाची माती उडते. तळावर दगड किंवा काँक्रीटच्या गाद्या अंथराव्या लागतात, आणि खांब मातीत किती रुतलेत ते ठरावीक काळाने सोनारने मोजावं लागतं.

भागीदारीचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे मागणीचा धोका कोणाचा. याच कंपनीने बहामाजमधल्या नासाऊचं बंदर ऑक्टोबर 2019 मध्ये 25 वर्षांसाठी घेतलं आणि मार्च 2020 मध्ये जहाजंच थांबली. तरी बांधकाम चालू राहिलं. सुमारे 30 कोटी डॉलरचं काम मे 2023 मध्ये खुलं झालं. तिथे 49 टक्के मालकी बहामाजच्या गुंतवणूक निधीकडे आहे, म्हणजे स्थानिक लोकांनाही नफ्यात वाटा आहे. मला ही रचना महत्त्वाची वाटते, कारण प्रवासी शुल्क वाढवायची वेळ येते तेव्हा पैसा बेटाबाहेरच जातो अशी भावना राहत नाही. जहाज कंपन्या मात्र स्वतःची खाजगी बेटं विकसित करत आहेत. बंदर महाग झालं तर त्या थांबा बदलू शकतात. सान हुआनला विमानतळाचा आधार आहे. क्रूझचा प्रवासच या बंदरातून सुरू होतो आणि संपतो, त्यामुळे त्याची जागा सहज कोणी घेऊ शकत नाही. पण त्यासाठी सामान, इमिग्रेशन आणि रसद हाताळणारं मोठं टर्मिनल लागतं, आणि तेच दुसऱ्या टप्प्यात आहे.

मुंबईत बॅलार्ड पिअरवरचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही बंदर प्राधिकरण आणि खाजगी कंपन्यांच्या भागीदारीतून उभं राहिलं. फरक भरती-ओहोटीचा. सान हुआनमध्ये ती जेमतेम अर्धा मीटर, मुंबईत मोठ्या भरतीला पाच मीटरच्या आसपास. त्यामुळे इथे काँक्रीट ओलं-सुकं होण्याचा पट्टा कितीतरी रुंद, आणि क्लोराइडची तपासणीही तेवढ्या उंचीपर्यंत करावी लागते.

सान हुआनचा ताबा 2054 च्या सुमारास सरकारकडे परत येईल. अशा करारांत शेवटची पाच वर्षं सांभाळावी लागतात, कारण कंपनीला तेव्हा देखभालीवर खर्च करायचं कारण उरत नाही. उपाय साधा आहे: मुदत संपायच्या पाच वर्षं आधी सुरुवातीच्याच पद्धतीने सगळ्या खांबांची पुन्हा तपासणी, प्रत्येक भागाचं किती आयुष्य उरलं पाहिजे याचा करारात लिहिलेला आकडा, आणि तो आकडा गाठल्याचं दिसेपर्यंत उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा स्वतंत्र खात्यात अडकवून ठेवणं.