दांडी सोडण्याचा क्षण

२९ जुलै २०२४ ची पॅरिसमधली संध्याकाळ. पुरुषांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्सची अंतिम फेरी, शेवटचं साधन बाकी आणि चीन जपानच्या तीन गुणांहून अधिक पुढे. या खेळात तीन गुण म्हणजे डोंगर. त्याच संध्याकाळी जपानचा दाइकी हाशिमोतो पॉमेल हॉर्सवरून, म्हणजे पाठीवर दोन कड्या असलेल्या घोड्यासारख्या साधनावरून, खाली पडला होता. पडल्याचा सरळ एक गुण जातो, लय तुटल्याने आणखी जातो तो वेगळाच. शेवटचं साधन होतं हॉरिझॉन्टल बार, आपल्या व्यायामशाळेतल्या बोलीत सिंगल बार. तिथे चीनचा सू वेइदे दोनदा पडला आणि डोंगर खचला. जपानकडून शेवटी दांडीला लटकला तो हाशिमोतोच. त्याला १४.५६६ गुण मिळाले आणि जपानने सुवर्ण जिंकलं, अवघ्या ०.५३२ गुणांनी.

दोन्ही देशांचं भवितव्य २८ मिलिमीटर जाडीच्या एका पोलादी दांडीवर ठरलं. पाहणाऱ्याला वाटतं की हा ताकदीचा खेळ आहे. ताकद लागतेच, पण हाशिमोतोची आजवरची कारकीर्द पाहताना मला पुन्हा पुन्हा जाणवतं की हा वेळेचा खेळ आहे. हात कधी सोडायचा, एवढाच प्रश्न.

आधी दांडीकडे पाहू. ती जमिनीपासून २.८ मीटर उंच आणि २.४ मीटर लांब असते. जिम्नॅस्ट तिच्यावर हातांवर उलटा उभा राहतो आणि तिथून पूर्ण गोल झोका घेतो. या झोक्याला जायंट म्हणतात. शरीर ताठ काठीसारखं धरलं आणि घर्षण नाही असं मानलं, तर शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही हिशेब करता येतो. वरून खाली येताना उंचीची ऊर्जा वेगात बदलते आणि अगदी तळाशी हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे चौपट ओढ येते. ५५ किलोचा जिम्नॅस्ट असेल तर त्या क्षणी त्याचे पंजे २२० किलोचा भार धरून असतात. एवढ्या भाराने दांडी सुमारे १० सेंटिमीटर वाकते. ती वाकावी म्हणूनच तशी बनवलेली असते. वाकताना ती ऊर्जा साठवते आणि सरळ होताना परत देते.

हवेचा रोध आणि पंजांचं घर्षण प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा खातात. ती भरून काढायची पद्धत लहानपणी झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवलेल्या कुणालाही माहीत आहे. तळाशी आल्यावर गुडघे सरळ करून अंग वर उचलायचं आणि टोकाला गेल्यावर खाली बसायचं. जिम्नॅस्ट हेच काम कंबर आणि खांदे दुमडून करतो. तळातून जाताना शरीराचं वस्तुमान दांडीजवळ ओढायचं म्हणजे त्या चौपट ओढीविरुद्ध काम करायचं. स्नायूंनी केलेलं हे काम झोक्यात जमा होतं आणि वेग वाढतो.

आता हात सोडण्याकडे येऊ. कोव्हाक्स नावाच्या कसरतीत (हंगेरीच्या पीटर कोव्हाक्सच्या नावावरून) जिम्नॅस्ट झोक्यातून दांडी सोडतो, दांडीच्या वरून मागे दोन कोलांट्या घेतो आणि खाली येताना तीच दांडी पुन्हा पकडतो. त्यात अंगाभोवतीची एक गिरकी घातली की तो कोलमन होतो, आणि तीच गिरकी ताठ शरीराने घेतली की कसिना. वरच्या हिशेबाप्रमाणे तळाशी शरीर सेकंदाला सुमारे ३०० अंशांच्या वेगाने फिरत असतं, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात ३ अंश. हात शतांश सेकंद उशिरा सुटला तर उड्डाणाची दिशा तेवढीच बदलते. सेकंदाला पाच मीटरचा वेग आणि हवेत पाऊण सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ धरला, तर पकडायच्या जागी साधारण वीतभर फरक पडतो. वीतभर म्हणजे पंजाची सगळी पोहोच. दांडी एकतर छातीशी येते किंवा बोटांच्या पुढून निसटते.

इथे मेंदूची अडचण अशी की डोळ्यांनी पाहून स्नायू हलवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. शतांश सेकंदाची चूक पंचमांश सेकंदात सुधारता येत नाही. म्हणजे हात सोडण्याचा निर्णय पाहून घेतला जात नाही, तो आधीच रचून ठेवलेला असतो. हजारो झोक्यांनंतर मेंदूला आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना खांद्यावरची ओढ, दांडीची थरथर आणि कानातल्या तोल राखणाऱ्या नलिकांतल्या द्रवाची हालचाल यांवरून पुढचा क्षण आधीच कळू लागतो. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठातले यीडन आणि हायली यांनी संगणकावर जिम्नॅस्टच्या शरीराची प्रतिकृती बनवून याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आजचे खेळाडू हात सोडण्याआधीच्या झोक्यात कमरेचा जो खोल हेलकावा देतात, त्याने केवळ वेग वाढत नाही, तर हात सोडायला चालेल असा काळही थोडा लांबतो, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. चुकीला जागा करून देणारं तंत्र सरावातूनच सापडत गेलं आणि त्याचं कारण शास्त्रज्ञांनी नंतर मांडलं, हे मला फार सुंदर वाटतं.

एकदा हात सुटला की कोनीय संवेग, म्हणजे शरीराच्या फिरण्याचा एकूण जोर, ठरून जातो, हवेत तो वाढवता किंवा कमी करता येत नाही. अंग गोळा केलं की फिरण्याचा वेग वाढतो, ताणलं की मंदावतो. मग हात सोडताना नसलेली गिरकी हवेत येते कुठून? यीडन यांनी तीस वर्षांपूर्वीच दाखवलं की कोलांटी चालू असताना एक हात वर आणि दुसरा खाली नेला की शरीर किंचित तिरकं होतं, आणि कोलांटीच्याच संवेगाचा थोडा भाग गिरकीत वळतो. दोन ताठ कोलांट्या आणि त्यांतच दोन गिरक्या घेऊन जमिनीवर उतरणारा जिम्नॅस्ट हाताच्या एका हालचालीने गिरकी सुरू करतो आणि दुसरीने थांबवतो.

हाशिमोतोचा जन्म ७ ऑगस्ट २००१ चा, चिबा प्रांतातल्या नारिता शहरातला. मोठे भाऊ जिम्नॅस्टिक्स करत, त्यांच्या मागोमाग हाही सहाव्या वर्षी गेला. २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत तो जपानच्या कांस्यपदक विजेत्या संघात होता आणि तेव्हा तो शाळकरी होता. पुढे जुन्तेंदो विद्यापीठ, आणि मग टोकियो.

टोकियोचं ऑलिंपिक करोनामुळे वर्षभर लांबलं आणि २०२१ मध्ये रिकाम्या प्रेक्षागृहात झालं. २४ जुलैला कोहेई उचिमुरा हॉरिझॉन्टल बारवरून पडला. २०१२ आणि २०१६ चा ऑलिंपिक विजेता, २००९ ते २०१५ या काळात सलग सहा जागतिक अजिंक्यपदं मिळवणारा हा माणूस दांडीखाली मॅटवर पडलेला पाहणं कठीण होतं. चार दिवसांनी सर्वसाधारण अजिंक्यपदाची, म्हणजे एकाच खेळाडूने सहाही साधनांवर उतरण्याची, अंतिम फेरी झाली. पाच साधनांनंतर हाशिमोतो तिसरा होता. उरली होती ती हॉरिझॉन्टल बारच. तिथे १४.९३३ गुण मिळवून तो एकूण ८८.४६५ वर गेला. चीनचा शिआओ रुओतेंग ८८.०६५, रशियाचा निकिता नागोर्नी ८८.०३१. विसावं वर्ष पूर्ण व्हायला दहा दिवस असताना तो पुरुषांतला सर्वांत तरुण ऑलिंपिक सर्वसाधारण विजेता झाला. पुढे हॉरिझॉन्टल बारचं सुवर्णही त्याने घेतलं.

त्या रात्री वादही झाला. व्हॉल्टवरून, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीतून, उतरताना त्याचा एक पाय मॅटबाहेर गेला होता, तरी १४.७०० गुण मिळाले. शेवटी पंचांना अभिवादन न केल्याबद्दल शिआओचे ०.३ कापले गेले. समाजमाध्यमांवरून १९ वर्षांच्या मुलावर शिव्यांचा पाऊस पडला. आंतरराष्ट्रीय महासंघाने व्हॉल्टच्या गुणांची फोड जाहीर करून ते नियमाप्रमाणे असल्याचं सांगितलं. शिआओचे ०.३ परत दिले तरीही हाशिमोतो ०.१ ने पुढेच राहतो, हे साधं गणित त्या गदारोळात कुणी केलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

गुणांची रचना समजली की असे वाद का होतात ते कळतं. कसरती किती कठीण त्याचा एक गुणांक आणि सफाईचा दुसरा, जो दहापासून खाली येतो. लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलं तर १. सफाईच्या पंचांचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढली तर एका पंचाने कापलेला एक दशांश गुण ०.०३३ होतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये किताक्युशूच्या जागतिक स्पर्धेत हाशिमोतो चीनच्या झांग बोहेंगकडून हरला तो ०.०१७ ने, ८७.९६४ विरुद्ध ८७.९८१. सहा साधनं, आणि फरक एका पंचाच्या सर्वांत छोट्या शेऱ्याच्या निम्मा!

म्हणून यंत्राची मदत आली. जपानच्या फुजित्सु कंपनीने त्रिमितीय मापन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून सांध्यांचे कोन मोजणारी प्रणाली बनवली. ती २०१९ च्या श्टुटगार्ट स्पर्धेत काही साधनांवर वापरली गेली, आणि २०२३ मध्ये अँटवर्पला सर्व साधनांवर. हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) किती अंशांनी तिरका होता हे आता मोजता येतं. याने खेळाडूंना न्याय मिळण्याची शक्यता वाढली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२२ ला लिव्हरपूल आणि २०२३ ला अँटवर्प, दोन्हीकडे हाशिमोतो जगज्जेता झाला. पॅरिसच्या आधी, मे २०२४ मध्ये, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दुखापत झाली. एक बोट, पण या खेळात बोट म्हणजे पायाचा घोटाच. पॉमेल हॉर्सवर तर हातच पाय होतात. जमिनीपासून ११५ सेंटिमीटर उंच घोड्याच्या पाठीवर दोन कड्या, त्यांवर सगळं शरीर आळीपाळीने एकेका हातावर, आणि पाय साधारण सेकंदाला एक या गतीने गोल फिरत राहतात. पाय पुढे गेले की खांदे मागे झुकतात, पाय डावीकडे गेले की खांदे उजवीकडे. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य आधाराच्या जवळच राहतो. तो बोटभर सरकला की पुढचा हात उशिरा पोहोचतो, पुढचा त्याहून उशिरा, आणि चूक फेरीगणिक वाढत जाते. हाशिमोतो पॅरिसमध्ये या घोड्यावरून सांघिक फेरीत पडला आणि वैयक्तिक फेरीतही पडला. वैयक्तिक स्पर्धेत तो सहावा आला. ज्या दांडीचा तो ऑलिंपिक विजेता होता, तिच्या अंतिम फेरीत तो नव्हताच.

दोन्ही सुवर्णं त्याच्याच संघातल्या शिननोसुके ओकाने घेतली. २००३ मध्ये जन्मलेल्या ओकाच्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध २०२२ मध्ये तुटला होता. दोन कोलांट्यांनंतर पाय टेकताना क्षणभर वजनाच्या दहापट आणि त्याहूनही अधिक बल येऊ शकतं, आणि गुडघा जरा वळलेला असेल तर ते बल त्या अस्थिबंधावर उतरतं. दोन वर्षांत तसा गुडघा घेऊन परत येणं आणि ८६.८३२ गुणांनी ऑलिंपिक जिंकणं यासाठी मला दुसरा शब्द सापडत नाही, ते अचाट आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जकार्ताला हाशिमोतो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला, ८५.१३१ गुणांनी, झांग बोहेंगला मागे टाकून. टोकियोचे ८८.४६५ पाहून हा आकडा कमी वाटेल, पण २०२५ पासून पुरुषांच्या संचात दहाऐवजी आठच कसरती मोजल्या जातात, त्यामुळे हे दोन आकडे एका तराजूत ठेवता येत नाहीत. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक २०२८ च्या जुलैत आहे. तेव्हा त्याला सत्ताविसावं पूर्ण व्हायला काही दिवस उरलेले असतील. उचिमुराने रिओमध्ये दुसरं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आणि त्या दिवशीही शेवटचं साधन हॉरिझॉन्टल बारच होतं.